नेट गेल्यावर कसं वागावं

फणस खाताना आपलं सगळं लक्ष गऱ्यांकडे असतं. आठळ्या आपण न बघता बाजूला टाकत जातो. फणस संपतो, हाताचा चीक खोबरेल लावून पुसतो आणि मग दिसतं, की बाजूला हा एवढा ढीग झालाय! आमच्या पेडण्यात त्यांना बिकणां म्हणतात. सासूबाई ती मातीत घोळवून ठेवतात आणि पावसाळ्यात भाजीत घालतात.

मीटिंगांचं तसंच आहे. मीटिंगचे मिनिट्स म्हणजे गरे. ते मीच लिहिते, नीट पुसून, क्रमांक घालून. पण मिनिट्समध्ये जे लिहिता येत नाही ते सगळं माझ्याकडेच साठत जातं. आता ढीग इतका झालाय, की भाजी करायलाच हवी!

आधी माझं काम सांगते, कारण ते माझ्या आईलाही अजून नीट कळलेलं नाही. डिचोलीला शेजारणींना ती सांगते, "आमची मानसी कंप्युटरांक नियम घालता." तसं ते खोटं नाही. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्यांची एक संस्था आहे, आम्ही तिला नुसतं 'सोसायटी' म्हणतो. ही सोसायटी स्टँडर्ड्स ठरवते. म्हणजे कुठल्याही दुकानातून आणलेला बल्ब आपल्या होल्डरमध्ये बसतो ना, तसं कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर काही बाबतींत एकसारखं वागावं, याचे नियम. आमच्या गटाकडे आलेला विषय असा: माणूस मोबाईलवर फॉर्म भरतोय आणि मध्येच नेट गेलं, तर मशीनने त्या माणसाशी कसं वागावं?

नियम जाणकार लोक लिहितात. मी समन्वयक. मी मीटिंग ठरवते, मसुदे फिरवते, लोकांना आठवण करते, आणि आठवण केली होती याची आठवण करते.

आधीच्या समन्वयक परदेशी गेल्या आणि जागा माझ्याकडे आली तेव्हा माझी ईरा नुकती दोन वर्षांची झाली होती. नेमणुकीचा मेल मी परत परत वाचला. मला खात्री होती की तो चुकून आलाय. दुसरी कुणी तरी मानसी असणार. हुशार. जिची मुलगी वेळेवर झोपते.

त्यात हे संकट: सोसायटीने गटाला दिलेली मुदत वर्षअखेरीला संपत होती. तोवर मसुदा मतदानात पास झाला नाही, तर प्रोजेक्ट बंद! सगळ्यांची इतक्या वर्षांची मेहनत बासनात. आणि लोक काय म्हणणार? "मानसी आली आणि गट बुडाला!"

गटात तिघांची नावं लक्षात ठेवा. अध्यक्ष शुभदा मॅडम, पुण्याच्या. चाचण्या बघणारा प्रणय, तोही पुण्याचा. आणि बेळगावचे इनामदार सर, बँकेच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त झालेले. बाकीचे सदस्य सुस्वभावी होते, त्यामुळे त्यांचे किस्से नाहीत.

*

इनामदार सर बोलायला लागले की थांबत नसत. मॅडम दोनदा खाकरायच्या. प्रणय कॅमेऱ्यासमोर हात वर करून बसायचा. मी चॅटमध्ये 'सर, वेळ' असं लिहायचे. सर चॅट बघत नसत. "बोलताना वाचायचं कसं वो?" हा त्यांचा सवाल, आणि तो बरोबरच होता.

त्या दिवशी सर बँकेतल्या एका जुन्या सर्व्हरची कुंडली मांडून बसले होते. सर्व्हरच्या जन्मापासून. अजेंड्यावर बरंच काही राहिलं होतं. एवढ्यात आमच्या खिडकीखाली संध्याकाळचा पोदेर आला. पोदेर म्हणजे आमचा सायकलवरून पाव विकणारा. त्याने आपला रबरी भोंपू दाबला: "पों! पों!"

सर वाक्याच्या मध्यावर थांबले!

"काय वो, वेळ संपली काय?" आणि मग नम्रपणे, "ठीक आहे. नियम म्हणजे नियम. पुढचा विषय घ्या की."

मॅडमनी घाईघाईने पुढचा विषय घेतला. मी पोदेराचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी उभी राहून पोदेराला गाठलं. "हो भोंपू खंय मेळटा?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाय, तुमी पाव विकतल्यो?"

"ना रे. मीटिंग चलयतां."

त्याने घटकाभर विचार केला आणि म्हापशाचं दुकान सांगितलं. तेव्हापासून भोंपू माझ्या लॅपटॉपशेजारी असतो. आमच्या गटाच्या मीटिंगा वेळेत संपतात, अशी सोसायटीत ख्याती आहे. "मॅनेजमेंटचं काय तंत्र वापरता?" असं दुसऱ्या गटाच्या समन्वयकांनी मला विचारलं. मी म्हटलं, "स्थानिक आहे."

*

स्टँडर्डच्या भाषेत तीन पायऱ्या असतात. 'शॅल' म्हणजे केलंच पाहिजे. 'शुड' म्हणजे करावं, नाही केलं तर कारण द्यावं. 'मे' म्हणजे केलं तरी चालेल. या तीन शब्दांवरून आमच्या गटात इतकी भांडणं झाली, की ती भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात सासूबाईंनाही पाठ झाली.

एकदा मला कामासाठी पणजीला जायचं होतं. ईराला पहिल्यांदाच दिवसभर सोडून. निघताना सासूबाईंसमोर माझा पट्टा सुरू झाला. "आई, ती अकराला झोपते. झोपली नाही तर गाणं म्हणा, पण झोक्यावर नको. उन्हात टोपी. पाणी मागत नाही, आपणच द्यायचं. फळ कापून, पण द्राक्ष नको. टीव्ही नको. मोबाईल तर नकोच नको. आइस्क्रीमचं नाव काढू नका. आणि—"

सासूबाईंनी हात वर केला. "गो बाय, ह्यातलां शॅल खंयचां आणि शुड खंयचां, तां आधी सांग!"

माझ्या मते सगळंच शॅल होतं.

"सगळांच शॅल म्हटलां तर कोण पाळीत? एक सांग."

मी खूप विचार केला. बस चुकायची वेळ आली. शेवटी म्हटलं, "पाणी."

"बरां. जा."

संध्याकाळी परत आले. ईरा टीव्हीसमोर, झोक्यावर, कोपरापर्यंत आइस्क्रीम. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "पाणी दिलां. बाकी सगळां मे!"

*

मसुद्यावर लोक हरकती पाठवतात. प्रत्येक हरकतीला उत्तर द्यावंच लागतं: मान्य, अंशतः मान्य, किंवा अमान्य आणि का. इनामदार सरांच्या हरकती एवढ्या यायच्या, की मला स्वप्नातसुद्धा 'अंशतः मान्य' दिसायचं.

अशाच एका हरकतींच्या दुपारी ईराच्या बालवाडीच्या टीचरचा मेसेज आला. 'आज ईराने खेळणी कोणाला दिली नाहीत. कृपया घरी लक्ष द्यावे.'

मी उत्तर पाठवलं आणि परत कामाला लागले. थोड्या वेळाने सिद्धेशचा फोन. सिद्धेश माझा नवरा, मोपाच्या विमानतळावर नोकरीला. पालकांच्या ग्रुपवर तोही आहे.

"मानसी, तू टीचरला काय लिहिलंयस ते बघितलंस?"

बघितलं. लिहिलं होतं: 'आपली सूचना मान्य. पुढील आवृत्तीत योग्य ती दुरुस्ती करण्यात येईल.'

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळ्या पालकांसमोर! मी क्षमा मागणारं लांबलचक काही तरी लिहायला घेतलं, एवढ्यात टीचरचं उत्तर आलंच.

'ठीक आहे. पण सध्याची आवृत्ती आता शेजारच्या आवृत्तीला चावली आहे. न्यायला या.'

*

प्रणयला चाचणीसाठी अशी जागा हवी होती जिथे नेट जातं. पुण्यात तो लॅबमध्ये वायर काढून चाचणी घ्यायचा. इनामदार सरांना ते पटेना. "वायर काढणं म्हणजे नेट जाणं नव्हे वो! खरं नेट सांगून जात नाही. येतंय येतंय म्हणत राहतंय आणि येत नाही. तसलं पाहिजे."

मी माईक सुरू केला. "सर, तसलं आमच्याकडे आहे."

आयुष्यात पहिल्यांदा पेडण्याची रेंज नसणं हे माझं भांडवल ठरलं! आमची काजूची बाग घराच्या मागे चढावर आहे. तिथे फोन लागत नाही म्हणून सिद्धेशची आणि माझी लग्नाआधी कितीतरी भांडणं झाली आहेत. खात्रीची जागा!

प्रणय विमानाने मोपाला उतरला, सिद्धेशने त्याला बाइकवरून आणलं, आम्ही सगळे बागेत चढलो. प्रणयने फोन काढला.

"मानसी, फुल्ल रेंज आहे."

चढाच्या पलीकडे नवा कोरा टॉवर उभा होता! विमानतळ आल्यापासून कुठे काय उगवेल सांगता येत नाही. माझे डोळे भरून आले. पुण्याहून माणूस बोलावला, 'आमच्याकडे काही नाही' हे दाखवायला, आणि तेही नाही!

माझे सासरे, बाबा, काजूच्या झाडाला टेकून हे सगळं बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "रडतां कित्याक? सकल भट्टीर चल. थंय देवाचोय फोन लागना."

भट्टी म्हणजे हुर्राक, काजूची पहिल्या धारेची दारू, काढायची सिद्धेशच्या चुलत्यांची जागा, खाली ओहोळाकाठी, खोलगटात. हंगाम भरात होता. आणि काय सांगू, नेट तिथे अगदी सरांना हवं तसं वागत होतं! येतंय येतंय म्हणायचं, एक दांडी दाखवायचं आणि गडप. प्रणय खूश. दिवसभर तिथेच बसून त्याने फॉर्म भरले. चुलते पाहुण्याला रिकामं बसू देईनात.

प्रणय स्वभावाने प्रामाणिक. त्याने अहवाल दिला तो असा: 'ठिकाण: भट्टी. नेटची स्थिती: अनिश्चित. परीक्षकाची स्थिती: दुपारपर्यंत स्थिर, नंतर अनिश्चित. शेवटच्या चाचण्या दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतल्या.'

मॅडमनी तो मीटिंगमध्ये वाचून दाखवला. मी डोळे मिटून घेतले. आता इनामदार सर हरकत घेणार!

सरांनी घसा साफ केला. "माझा एकच प्रश्न आहे. नमुना आणलाय काय वो?"

*

पहिलं मतदान झालं आणि मसुदा पडला.

आमचा गट लहान. सोसायटीचे नियम असे, की एवढ्या लहान गटात एकाने जरी 'नाही' म्हटलं तरी गाडं अडतं. आणि ते एक 'नाही' कोणाचं ते सांगायला नको.

सरांचं म्हणणं एकच होतं. मसुद्यात लिहिलं होतं, की नेट नसताना माणसाने फॉर्म भरला, तर मशीनने तो जपून ठेवावा, 'धन्यवाद' म्हणावं, आणि नेट आल्यावर आपोआप पाठवावा. सर म्हणाले, "धन्यवाद म्हटलं की माणसाला वाटतंय, झालं. तो उठून घरी जातोय. आणि झालेलं नसतंय! हे खोटं बोलणं आहे. मी खोट्याला हो म्हणणार नाही."

प्रणय म्हणाला, "सर, जगभर असंच करतात." सर म्हणाले, "जगाने मत मागितलं तर जगालाही सांगेन."

मी लॅपटॉप मिटला आणि सासूबाईंसमोर सरांचा उद्धार केला. एका शब्दापायी मुदत संपणार, प्रोजेक्ट बुडणार, माझं काम जाणार! हे सगळं मी बोलले ते चवथीच्या आदल्या आठवड्यात. म्हणजे गणेशचतुर्थीच्या. घरात गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं, पाहुणे, नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं पीठ. त्याच गडबडीत मी मागच्या दारी उभी राहून मोबाईलवर सिलिंडर बुक केला. वायफाय पावसात बंद पडलेलं आणि रेंज नव्हतीच धड. पण स्क्रीनवर हिरवी खूण आली आणि मोठ्या अक्षरांत: 'धन्यवाद!'

मी निश्चिंत.

चवथीच्या सकाळी सासूबाई नेवऱ्या तळत होत्या. पहिला घाणा झाला, दुसरा झाला, तिसरा कढईत सोडला आणि खाली ज्योत मिणमिणली. विझली. माजघरात पाहुणे, देवापुढे बाबा, कढईत अर्धकच्च्या नेवऱ्या.

"सिलिंडर सांगिल्लो मगो?"

"सांगितला आई! हे बघा, धन्यवाद म्हणालं!" मी फोन पुढे केला. वायफाय आत्ता कुठे परत आलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत हिरवी खूण गेली आणि तिथे आलं: 'पाठवत आहे…'

सासूबाईंनी झारा खाली ठेवला. "आता तळ त्या धन्यवादार नेवऱ्यो!"

मागच्या पडवीतली चूल पेटवली. धुरात डोळे चोळत मी फुंकणी मारत होते आणि सासूबाई नेवऱ्या उलटत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तो तुजो बेळगावचो सर. तेचां खरां आसा गो."

चवथ झाल्यावर मी मीटिंगला भोंपू न घेता बसले. सरांना म्हटलं, "सर, तुमच्या हरकतीवर सविस्तर बोला. वेळेची काळजी नको."

सरांनी आधी कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "आज पाववाला आला नाही काय?"

*

मग मशीनने म्हणायचं तरी काय, यावर पुढचे दोन महिने गेले. प्रणयने हसरा चेहरा सुचवला. सर म्हणाले, "काम झालं नाही आणि वर हसतंय?" मग त्याने फिरणारं चक्र सुचवलं. सर म्हणाले, "चक्र बघत माणूस म्हातारा होतोय." कुणी तरी माफीचं लांबलचक वाक्य आणलं. मॅडम म्हणाल्या, "एवढं वाचेपर्यंत नेट येऊन परत जाईल."

शेवटी मी लिहिलं. भीत भीत, कारण नियम लिहिणं माझं काम नव्हे. नेट नसेल तर मशीनने म्हणायचं: 'लिहून घेतलंय. अजून पोचलेलं नाही.' आणि खरंच पोचल्यावर एकच शब्द: 'पोचलं.'

मीटिंगमध्ये सगळे गप्प. मला वाटलं, हसताहेत. नेट गेलं असेल असंही वाटलं.

मग सरांचा आवाज आला. "हे कोणी लिहिलं?"

"मी, सर."

"शॅल करा," सर म्हणाले.

*

तरी सर मत बदलेनात! "कागदावर चांगलं आहे. पण मी बघितल्याशिवाय हो म्हणत नाही. जिथं नेट जातंय तिथं बसून, माझ्या हाताने भरून बघणार."

म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवशी गटाची शेवटची मीटिंग झाली ती आमच्या घरात, पेडण्यात. प्रणयने मतदानाचाच फॉर्म आमच्या मसुद्याप्रमाणे बनवून आणला होता. बाकी सगळ्यांचं 'हो' आधीच जमा. राहिलं होतं एकच मत, आणि मतदान पाचला बंद होणार होतं. त्यानंतर एक तर स्टँडर्ड, नाही तर बासन.

मला आदल्या दिवसापासून अन्न जात नव्हतं. खतखत्याची भाजी पुरेल का? ईरा कोणाला चावेल का? सर काय करतील?

पाहुणे बसले तसे बाबा आतून सोवळं नेसून, नारळ घेऊन आले. बाबा आमच्या देवळात गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगणं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देणं.

"घरात मोठां काम आसा. देवाक सांगल्याशिवाय कशां?" बाबा म्हणाले. मी मॅडमकडे अपराधी नजरेने पाहिलं. मॅडम उठून हात जोडून उभ्या होत्या.

"रे देवा म्हाराजा! आज तुज्या दारात ही जाणती माणसां जमली आसत. कोण पुण्याची, कोण बेळगावची!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही घरचे म्हणालो.

"मशिनान माणसाक फसवू नये म्हणान ती नियम करतत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता प्रणयही.

"नेट गेलां तरी कोणाचां काम अडू नये. झालां नाय तां झालां म्हणू नये. सणादिवसा कोणाच्यो नेवऱ्यो अर्ध्यार रवू नयेत!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सासूबाईंचा.

"आणि ह्या कामात कोणाच्या मनात वाकडां तिकडां राहिलां आसात, तां आज सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबांनी नारळ ठेवला, मागे वळले आणि म्हणाले, "बेळगावकरांचो आवाज नाय इलो."

इनामदार सर चष्मा पुसत होते. "बघून म्हणतो वो. न बघता कसं म्हणायचं?"

जेवणं झाली. सर मसुदा पहिल्या पानापासून वाचायला बसले. मी घड्याळ बघत होते. चार वाजून गेले. सरांनी फोन हातात घेतला, आणि त्याच क्षणी पंखा थांबला. लाईट गेली! लाईट गेली म्हणजे वायफाय गेलं. घरात मोबाईलची रेंज नाहीच.

मॅडम पांढऱ्या पडल्या. सर मात्र खुलले. "हां! आता बरं झालं. आता बघूया!"

त्यांनी फॉर्म भरला. सावकाश. फोन छातीशी धरून, कोणाला न दाखवता. बटणावर बोट नेलं आणि थांबले. "पाठवण्याआधी एक गोष्ट सांगतो. आमच्या बँकेत एक सर्व्हर होता—"

"पों!"

ईरा. टेबलाखालून. हातात माझा भोंपू.

सर दचकले आणि बोट बटणावर पडलं. त्यांनी स्क्रीन डोळ्यांपाशी नेली. मोठ्याने वाचलं: "लिहून घेतलंय. अजून पोचलेलं नाही." परत एकदा वाचलं. मग सगळ्यांना फिरून दाखवलं, एखाद्याने नातवाचा फोटो दाखवावा तसं. "बघा की! नेट नाही, आणि खोटं बोलंना!"

"सर," मॅडमचा आवाज चिरका झाला, "पण ते पाचच्या आत पोचायला हवं!"

"टॉवर!" मी ओरडले. "बागेत! वर!"

आणि निघालो. पुढे इनामदार सर, दोन्ही हातांत फोन, ओवाळणीचं तबक न्यावं तसा सांभाळत. मागे मॅडम, साडीचा घोळ वर धरून. मग प्रणय. मग सिद्धेश, त्याच्या खांद्यावर ईरा, वाटभर भोंपू वाजवत. सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन, कारण पाणी शॅल. सगळ्यांत मागे बाबा, काठी टेकत, सोवळ्यातच. वाळलेल्या काजूच्या पानांचा नुसता चुरचुर आवाज.

अर्ध्या चढावर एक दांडी आली. गेली. "येतंय येतंय म्हणतंय!" सर ओरडले आणि पाय उचलून चालायला लागले. मी मागून त्यांच्या स्क्रीनवर काही दिसतंय का ते बघायला धडपडत होते. त्यांनी आत काय भरलंय, 'हो' की 'नाही', ते अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमत कोणात होती?

सर माथ्यावर पोचले. थांबले. आम्हीही जिथल्या तिथे थांबलो. त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला. चष्मा कपाळावर सारला. मग आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवरून, खाली काठी टेकत येणाऱ्या बाबांकडे बघून, छाती भरून, अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

"व्हय म्हाराजा!"